श्रीलंका : दार उघडणारी माणसे

गेल्या वर्षावासात आपल्या संस्थेच्या अभ्यासिकेत रविवारच्या वर्गाला मी 'बौद्ध देशांची ओळख' हा विषय घेतला होता. श्रीलंकेचे नाव निघताच अकरावीच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, तिथे तर दोन हजार वर्षांपासून धम्म आहे. म्हणजे तिथे जात नसेल ना?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि थांबलो. 'नाही' म्हणणे सोपे होते, वर्गालाही ते आवडले असते. पण ते खरे झाले नसते. शेवटी 'पुढच्या रविवारी सांगतो' म्हणून वेळ मारून नेली. बँकेत आम्ही ग्राहकाला 'साहेब जेवायला गेलेत' म्हणून सांगतो, त्यातलाच हा प्रकार. मात्र त्या मुलीचा प्रश्न डोक्यातून जाईना. मिळतील ती पुस्तके चाळली, टिपणे काढली आणि पुढचे चार रविवार याच एका प्रश्नावर गेले. त्या चार रविवारांत जे सांगितले तेच येथे थोडे नीट जुळवून मांडत आहे.

सम्राट अशोकाचे पुत्र महेंद्र स्थविर आणि कन्या संघमित्रा थेरी यांनी लंकेत धम्म नेला, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात वट्टगामणी राजाच्या काळी अलुविहारात त्रिपिटक प्रथम ग्रंथरूपाने लिहिले गेले, या गोष्टी आपल्या सभासदांना ठाऊक आहेत. भारतात ज्याची पाने उरली नाहीत, ते पाली वाङ्मय त्या बेटाने जपले. हे ऋण मोठेच आहे. परंतु जपणे वेगळे आणि वाटणे वेगळे. तिजोरीत ठेवलेली वस्तू सुरक्षित असते; तिची किल्ली कोणाच्या हातात आहे हा दुसरा प्रश्न असतो. लंकेतही धम्माची, विद्येची किल्ली कोणी कोणी आपल्या कमरेला लावून ठेवली होती आणि ती सोडवून घेण्यासाठी काही माणसांना आयुष्य वेचावे लागले. त्यांच्यापैकी थोड्यांचीच ही ओळख आहे. राजेरजवाड्यांची यादी द्यावयाचा माझा विचार नाही.

प्रथम मूळ प्रश्नाकडे येऊ. लंकेत जात आहे. तिथे ब्राह्मण नाहीत, म्हणून तिची उतरंड आपल्याला चटकन ओळखू येत नाही. सर्वात वरची मानली जाते ती 'गोविगम' म्हणजे शेतकऱ्यांची जात, आणि संख्येनेही तीच मोठी. किनाऱ्यावर मासेमारी करणारे 'करावा', दालचिनीच्या साली सोलणारे 'सलागम', ताडी काढणारे 'दुरावा', आणि पार तळाशी, गावाबाहेर ठेवलेले 'रोडिया'. हे वाचताना कोणाला आपले गाव आठवले तर नवल नाही.

आता संघात काय घडले ते पाहा. उपसंपदा, म्हणजे भिक्षूची पूर्ण दीक्षा, एकटा भिक्षू देऊ शकत नाही. मध्यदेशाबाहेर किमान पाच उपसंपन्न भिक्षूंचा संघ त्यासाठी लागतो. अठराव्या शतकात लंकेत अशी अवस्था आली की तेवढेही उरले नाहीत. विहार होते, चीवर घालणारेही होते, पण परंपरा तुटली होती. तेव्हा वेलिवित सरणंकर या विद्वान श्रामणेराने कँडीच्या राजाकरवी सयामला दूत पाठविले. १७५३ मध्ये उपाली महास्थविर आपल्या भिक्षूंसह कँडीला आले आणि उपसंपदा पुन्हा सुरू झाली. या परंपरेला सयाम निकाय म्हणतात. ही घटना थोर खरीच. पण पुढे दहा-बारा वर्षांच्या आतच राजाच्या हुकुमाने असे ठरले की उपसंपदा फक्त गोविगम जातीच्या मुलांनाच मिळेल. इतर जातीचा मुलगा फार तर श्रामणेर राहील.

विनयपिटकातील उपालीची कथा आपण दरवर्षी सांगतो. न्हावी उपालीला शाक्य राजपुत्रांच्या अगोदर दीक्षा दिली गेली, ती अशासाठी की राजपुत्रांनी त्याला आधी वंदन करावे. सयामहून उपसंपदा घेऊन आलेल्या महास्थविरांचे नावही उपालीच, आणि त्यांनीच पुन्हा उघडलेल्या दारावर जातीचा पहारा बसला. इतिहास असा कधी कधी आपली थट्टा करतो.

किनारपट्टीवरील सलागम जातीचे एक श्रामणेर होते, वेलितर गावचे ज्ञानविमल. विद्वत्तेत ते कोणाला उणे नव्हते, तरी कँडीचे दार त्यांना बंद होते. अशा वेळी माणसापुढे तीन मार्ग असतात. गप्प बसावे, किंवा चीवर उतरवून घरी जावे, किंवा विनयाचा ग्रंथ उघडून पाहावा की उपसंपदेसाठी जात कुठे लिहिली आहे. ज्ञानविमलांनी तिसरा मार्ग घेतला. ग्रंथात जात नव्हती, आणि उपसंपदा देणारा संघ केवळ कँडीतच आहे असेही नव्हते. १७९९ मध्ये काही श्रामणेर व उपासक यांना घेऊन ते जहाजाने ब्रह्मदेशास निघाले. तेथील राजधानी अमरपूर. तेथे १८०० मध्ये त्यांना उपसंपदा मिळाली. १८०३ मध्ये ते ब्रह्मी भिक्षूंसह परतले आणि बालपिटियाजवळ मादू नदीच्या पाण्यावर त्यांनी उपसंपदेचा विधी केला. उपसंपदेला 'सीमा', म्हणजे आखलेली जागा, लागते. जमिनीवरच्या सीमेला राजाची वा विहाराची मान्यता आड येऊ शकते. विनयाने वाहत्या पाण्यावरची सीमाही शुद्ध मानली आहे. जमीन दुसऱ्याच्या ताब्यात असेल, पाणी तर कोणाचे नाही! चवदार तळ्याची आठवण ज्यांच्या मनात कायम आहे, त्यांना या प्रसंगाचे मोल वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

या परंपरेला अमरपूर निकाय हे नाव पडले. गोविगम नसलेल्यांना संघाचे दार उघडले गेले ते असे. मात्र येथे एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. पुढे अमरपूर निकायाचेही पोटभेद झाले आणि त्यांतील काही जातीनुसारच पडले. सलागमांचा गट वेगळा, करावांचा वेगळा, दुरावांचा वेगळा. आणि रोडियांसाठी फारसे कोणी पाण्यावर उतरले नाही. ज्याला दाराबाहेर ठेवले तो आत आल्यावर आपल्या मागचे दार लावून घेतो, हा रोग त्या बेटापुरता नाही. आपल्या संस्थेच्या निवडणुका पाहिलेल्यांना अधिक सांगणे नलगे.

यानंतरची सत्तर वर्षे मी झपाट्याने सांगतो. १८१५ मध्ये कँडीचे राज्यही इंग्रजांकडे गेले. शाळा बहुतेक मिशनऱ्यांच्या हाती. इंग्रजी शिकायचे, सरकारी नोकरी मिळवायची, तर बौद्ध मुलाला त्यांच्याच वर्गात बसावे लागे. अशा काळात २६ आणि २८ ऑगस्ट १८७३ रोजी पानदुरा येथे बौद्ध भिक्षू आणि ख्रिस्ती धर्मोपदेशक यांचा जाहीर वाद झाला. हजारो लोक ऐकायला जमले. बौद्धांच्या बाजूने बोलले मिगेट्टुवत्ते गुणानंद स्थविर. हे अमरपूर निकायाचे भिक्षू होते, म्हणजे ज्ञानविमलांच्याच परंपरेतले. ज्यांना उपसंपदा नाकारली गेली होती, त्यांच्याच परंपरेतला माणूस साऱ्या बेटाच्या वतीने उभा राहिला.

त्या वादाचा वृत्तांत इंग्रजीत छापला गेला आणि अमेरिकेत कर्नल हेन्री स्टील ऑल्कॉट यांच्या वाचनात आला. १७ मे १८८० रोजी ते गॉल बंदरात उतरले आणि आठवड्याभरात त्यांनी पंचशील घेतले. ऑल्कॉट यांच्याविषयी आपल्याकडे उलटसुलट लिहिले गेले आहे. ते थिऑसॉफिस्ट होते, त्यांचा बौद्ध धम्म त्यांच्या परीने होता, हे खरे. तरी दोन कामांसाठी मी त्यांना मानतो. एक म्हणजे बौद्ध शाळा. १८८६ मध्ये कोलंबोच्या पेट्टा भागात अवघ्या ३७ मुलांनिशी सुरू झालेली शाळा पुढे आनंद कॉलेज म्हणून नावारूपास आली, आणि ऑल्कॉट यांच्या हयातीत अशा शंभरावर शाळा निघाल्या. दुसरे काम मद्रासचे. १८९४ मध्ये अड्यारला त्यांनी अस्पृश्यांच्या मुलांसाठी मोफत शाळा काढली. याच ऑल्कॉट यांच्याबरोबर १८९८ मध्ये तमिळ अस्पृश्य समाजाचे नेते, सिद्ध वैद्य पंडित अयोथी दास कोलंबोला गेले, पंचशील घेऊन परतले आणि मद्रासेत त्यांनी बौद्ध संस्था स्थापन केली. नागपूरच्या दीक्षेच्या अठ्ठावन्न वर्षे अगोदरची ही गोष्ट आहे. आपल्या मुलांना ती माहीत असावयास हवी.

आपल्या विहारावर फडकणारा पंचरंगी ध्वज याच काळातला. १८८५ मध्ये कोलंबोच्या बौद्ध समितीने तो तयार केला आणि त्या वर्षीच्या वैशाख पौर्णिमेला तो प्रथम फडकला. त्या पौर्णिमेची सरकारी सुट्टी लंकेतील बौद्धांना मिळाली तीही त्याच वर्षापासून.

या समितीचे अध्यक्ष होते हिक्कडुवे सुमंगल महास्थविर. यांच्याबद्दल जरा सावकाश सांगायला हवे, कारण आपल्या महाराष्ट्र-गोव्याशी त्यांचा धागा थेट जुळतो. सुमंगल १८२७ मध्ये जन्मले. १८७३ मध्ये, पानदुऱ्याच्या वादाच्याच वर्षी, त्यांनी कोलंबोच्या मालिगाकंद भागात विद्योदय परिवेण स्थापन केले. परिवेण म्हणजे भिक्षूंची पाठशाळा. स्वतः सुमंगल सयाम निकायाचे. परंतु त्यांच्या परिवेणात इतर निकायांचे भिक्षू शिकत, गृहस्थ शिकत, आणि परदेशातून कोणी पाली शिकायला आला तर त्यालाही बसू देत. जात, निकाय, देश यांची चौकशी न करता शिकविणे हीच त्या काळी मोठी गोष्ट होती.

१९०२ मध्ये त्यांच्यापुढे एक पंचविशीतला तरुण येऊन उभा राहिला. गोव्यातील साखवाळ गावचा. शाळेचे शिक्षण जेमतेम. 'बालबोधमेवा' नावाच्या मुलांच्या मासिकात बुद्धांची माहिती वाचल्यापासून त्याला एकच ध्यास लागला होता, की बुद्धांचा धम्म मुळातून समजून घ्यायचा. त्यासाठी तो घर सोडून पुण्याला गेला, ग्वाल्हेरला गेला, काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकला. नेपाळात बौद्ध धम्म मिळेल म्हणून तेथवर पायपीट केली, आणि तेथे निराशा पदरी आल्यावर बुद्धगया, कलकत्ता करीत लंकेला पोचला. हे धर्मानंद कोसंबी. सुमंगल महास्थविरांनी त्यांना श्रामणेर केले आणि विद्योदयात पालीचा अभ्यास सुरू झाला. पुस्तके सिंहली लिपीतली, हवा न मानवणारी, जेवणाचे हाल. वर्षभरात प्रकृतीमुळे त्यांना लंका सोडावी लागली, पण किल्ली हाताशी आली होती. पुढे ते ब्रह्मदेशात गेले, अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनासाठी गेले, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकविली. सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा पन्नास रुपये दिले ते महाराष्ट्रात राहून काम करावे या अटीवर. मराठीत 'भगवान बुद्ध' आले ते या प्रवासातून. आणि १९३७ मध्ये मुंबईत परळच्या कामगार वस्तीत त्यांनी 'बहुजन विहार' उभारला.

विचार करा, मुलांच्या मासिकातील एक लेख, मग एक म्हातारा सिंहली भिक्षू जो 'तू कोण, कुठला' एवढ्यावर अडवीत नाही, आणि मग आपल्या भाषेतील बुद्धचरित्र. यातला एक दुवा निखळला असता तर आपल्या कपाटातले ते पुस्तक आज नसते. सुमंगल १९११ मध्ये वारले. त्यांचे विद्योदय पुढे विद्यापीठ झाले. आजचे श्री जयवर्धनपुर विद्यापीठ ते हेच. त्याच्या जोडीची दुसरी पाठशाळा विद्यालंकार, तिचे आज केलनिया विद्यापीठ आहे. महापंडित राहुल सांकृत्यायन १९२७ मध्ये तेथेच संस्कृत शिकवायला गेले आणि भदन्त आनंद कौसल्यायन यांची प्रव्रज्या १९२८ मध्ये लंकेतच झाली. भदन्तजी पुढे नागपुरात अनेक वर्षे होते, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' त्यांनी हिंदीत आणला, हे आपल्या ज्येष्ठ सभासदांना सांगायला नको.

अनागारिक धम्मपालांवर याच स्मरणिकेत यापूर्वी लेख येऊन गेले असल्याने मी त्यांच्यावर फार लिहीत नाही. १८९१ मध्ये बुद्धगयेची दुर्दशा पाहून त्यांनी महाबोधी सभा काढली, १८९३ मध्ये शिकागोच्या परिषदेत ते बोलले, सारनाथचा मूलगंधकुटी विहार १९३१ मध्ये पुरा केला आणि १९३३ मध्ये सारनाथलाच देह ठेवला. एवढे मोठे काम. परंतु त्यांच्या लेखनात सिंहली अभिमान आणि इतर समाजांविषयीची, विशेषतः मुसलमानांविषयीची, कठोर भाषाही आहे, आणि ती वाचताना मला अवघडल्यासारखे होते. आपल्या माणसाचे सगळेच आपले म्हणून झाकावे असे मला वाटत नाही. पुढे जे झाले त्याची बीजे अशा भाषेतही असतात.

आता मला ज्या माणसाविषयी सर्वात जास्त सांगायचे आहे त्याच्याकडे येतो. त्याचे नाव आपल्याकडे जवळजवळ कोणालाच ठाऊक नाही. सी. डब्ल्यू. डब्ल्यू. कन्नंगर.

१८८४ मध्ये अंबलंगोडजवळच्या एका खेड्यात त्यांचा जन्म झाला. गावच्या मिशन शाळेत बक्षीस समारंभ होता. पाहुणे म्हणून आले होते गॉलच्या रिचमंड कॉलेजचे मुख्याध्यापक डॅरेल. एकच मुलगा पुन्हा पुन्हा उठून पुस्तके घेऊन जाऊ लागला, तेव्हा 'ही बक्षिसे घरी न्यायला बैलगाडी आणावी लागेल तुला' असे ते थट्टेने म्हणाले, अशी गोष्ट लंकेत सांगितली जाते. मग त्याच मुलाला त्यांनी आपल्या कॉलेजात शिष्यवृत्ती दिली. ती मिळाली नसती तर खेड्यातल्या मुलाला इंग्रजी शाळेचे तोंड दिसले नसते. कन्नंगर शिकले, काही वर्षे शिक्षकी केली, वकील झाले, आणि १९३१ मध्ये लंकेत सर्वांना मतदानाचा हक्क मिळून नवे राज्यमंडळ आले तेव्हा शिक्षणमंत्री झाले. १९४७ पर्यंत ते खाते त्यांच्याकडे होते.

आपल्याला योगायोगाने मिळालेली बैलगाडीभर बक्षिसे साऱ्यांना हक्काने मिळावीत, अशीच जणू त्यांची खटपट होती. १९४० नंतर त्यांनी खेड्यापाड्यांत 'मध्य विद्यालये' काढली, शहरातल्या बड्या कॉलेजांच्या तोडीची, वसतिगृहासह. पाचवीच्या परीक्षेतून हुशार मुले निवडून त्यांना तेथे शिष्यवृत्ती दिली. पाचवीची ती शिष्यवृत्ती परीक्षा आजही लंकेत होते आणि घरोघरी तिचा केवढा धसका असतो म्हणतात! १९४३ मध्ये त्यांच्या समितीचा अहवाल आला : शिशुवर्गापासून विद्यापीठापर्यंत शिक्षण मोफत, आणि सुरुवात मातृभाषेतून. खासगी व मिशनरी शाळांच्या चालकांनी विरोध केला, पैसा कोठून आणणार असे विचारले गेले. तरीही १ ऑक्टोबर १९४५ पासून योजना अमलात आली. देश अजून इंग्रजांच्या ताब्यात होता, महायुद्ध नुकतेच संपले होते.

माझ्या खिडकीवर जून महिना उजाडला की सोनेतारणाची रांग वाढते. पोत, कानातले, कधी नातवाच्या बारशाची अंगठी. मी वजन व शुद्धता लिहून घेतो, बाईंची सही वा अंगठा घेतो आणि 'कशासाठी' या रकान्यात लिहितो : शिक्षण. कन्नंगरांविषयी वाचल्यापासून तो रकाना भरताना मला त्या १९४५ सालाची आठवण होते.

मोफत शिक्षण देणाऱ्या या माणसाला १९४७ च्या निवडणुकीत लोकांनी पाडले. उतारवयात त्यांची आर्थिक स्थिती अशी झाली की सरकारला त्यांना मदत मंजूर करावी लागली. १९६९ मध्ये ते वारले. दीर्घकाळ मंत्री राहिलेल्या माणसाने पैसा केला नाही, हे आता मुलांना सांगितले तर ती विश्वास ठेवीत नाहीत.

वर्गात हे सांगून झाल्यावर त्याच मुलीने पुन्हा हात वर केला. "सर, सगळ्यांना म्हणजे अगदी सगळ्यांना का?" पोरगी बँकेत तपासनीस व्हायच्या लायकीची आहे!

सगळ्यांना नाही. लंकेच्या डोंगराळ भागातील चहाच्या मळ्यांत इंग्रजांनी तमिळनाडूतून मजूर नेले होते. त्यांतील फार मोठा भाग अस्पृश्य जातींचा. त्यांची मुले मळ्याच्या शाळेत जात. त्या शाळा मळेवाल्यांच्या, एका खोलीच्या, एका मास्तरच्या. मोफत शिक्षणाचा लाभ त्यांच्यापर्यंत नीट पोचलाच नाही. या शाळा सरकारने ताब्यात घेतल्या त्या १९७० च्या दशकात. त्याहून मोठा घाव १९४८ चा. स्वातंत्र्य मिळाल्याच्या वर्षीच नागरिकत्वाचा असा कायदा झाला की मळ्यातील लक्षावधी माणसे एका रात्रीत कोणत्याच देशाची उरली नाहीत. पुढे मतदानाचा हक्कही गेला. बेटाची सारी तिजोरी ज्या चहावर भरत होती, तो खुडणारे हात हे.

प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंकेला गेले ते याच पार्श्वभूमीवर, मे १९५० मध्ये. कँडी येथे जागतिक बौद्ध बंधुत्व संघाची पहिली परिषद भरली होती, सत्तावीस देशांचे प्रतिनिधी आले होते. ती भरविणारे डॉ. गुणपाल मलालसेकर जन्माने पानदुऱ्याचे, म्हणजे गुणानंद स्थविरांच्या वादाच्याच गावचे. वडील वारल्यामुळे परदेशी शिक्षण राहिले, तेव्हा घरी अभ्यास करून त्यांनी लंडन विद्यापीठाची बी. ए. बाहेरून दिली. (नोकरी सांभाळून बी. ए. बाहेरून केलेल्या माझ्यासारख्याला यात जरा जास्तच गोडी वाटते, हे कबूल करतो.) पुढे आनंद कॉलेजात शिक्षक असताना त्यांनी 'जॉर्ज पीरिस' हे नाव टाकून 'गुणपाल' हे नाव घेतले. पाली वाङ्मयातील विशेषनामांचा त्यांचा कोश १९३७-३८ मध्ये दोन खंडांत निघाला. आजही पालीच्या अभ्यासकाचे त्याच्यावाचून चालत नाही. आपल्या विहारावरचा पंचरंगी ध्वज जगातील सर्व बौद्धांचा म्हणून स्वीकारावा, हा प्रस्तावही त्यांनी कँडीलाच मांडला.

बाबासाहेबांनी त्या परिषदेत अधिकृत प्रतिनिधी म्हणून भाषण केले नाही. बौद्धांचे विधी कसे चालतात आणि या देशात धम्म जिवंत कितपत आहे हे पाहण्यासाठी आपण आलो आहोत, अशी त्यांची भूमिका होती. म्हणजे ते हार घालून घ्यायला गेले नव्हते, तपासायला गेले होते. कोलंबोला तरुण बौद्ध संघात त्यांनी भारतातील बौद्ध धम्माचा उदय आणि ऱ्हास यावर व्याख्यान दिले. आणि कोलंबोच्या टाऊन हॉलमधील सभेत त्यांनी तेथील अस्पृश्यांना बौद्ध धम्म स्वीकारण्याचे आवाहन केले, आणि लंकेतील बौद्धांना सांगितले की या लोकांना आपले म्हणा, त्यांची काळजी घ्या. पाहुणा आला की यजमानाची स्तुती करून जातो. बाबासाहेबांनी यजमानांना त्यांच्याच घरातील माणूस दाखविला.

सहा वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला व्यासपीठावर धम्मपालांचे शिष्य आणि महाबोधी सभेचे सरचिटणीस देवप्रिय वलिसिंह बसलेले होते, त्यांच्याबरोबर भिक्षूही होते. नोव्हेंबरात काठमांडूच्या परिषदेत बाबासाहेब बोलले, तेव्हा संघाचे अध्यक्ष मलालसेकरच होते.

टाऊन हॉलमधील ते बोल मात्र लंकेने फारसे ऐकले नाहीत. त्याच १९५६ साली तेथे केवळ सिंहली हीच राजभाषा असा कायदा झाला. मातृभाषेचा जो आग्रह मुलांना शिकता यावे म्हणून होता, तो दुसऱ्याची भाषा दाराबाहेर ठेवण्यासाठी वापरला गेला. हा कायदा करणारे पंतप्रधान बंदरनायके यांचा १९५९ मध्ये खून झाला तो एका भिक्षूच्या हातून. त्यांच्या पत्नी सिरिमावो १९६० मध्ये जगातील पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या, ही नोंद आपण सामान्यज्ञानाच्या पुस्तकात वाचतो. पुढे १९७० च्या दशकात त्यांच्याच राजवटीत तमिळ मुलांना विद्यापीठात प्रवेशासाठी सिंहली मुलांपेक्षा जास्त गुण लागू लागले, ही नोंद तेथे नसते. १९८१ मध्ये जाफन्याचे ग्रंथालय जाळले गेले, सुमारे ९७,००० पुस्तके व हस्तलिखिते गेली. ज्या बेटाने त्रिपिटक लिहून जपले, त्याच बेटावर. १९८३ पासून यादवी, ती मे २००९ मध्ये संपली. दोन्ही बाजूंनी किती माणसे मेली त्याचा हिशेब अजून लागत नाही.

मळ्यातील माणसांचे पुढे काय झाले, हे वर्गाने विचारलेच. १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो यांच्यात करार झाला. ५,२५,००० माणसे भारताने घ्यायची, ३,००,००० लंकेने ठेवायची, उरलेल्या दीड लाखांचे मागाहून पाहू. मालाची वाटणी करावी तशी ही माणसांची वाटणी. जे दीड लाख शिल्लक ठेवले, ते १९७४ मध्ये निम्मे निम्मे वाटून घेतले. ज्यांचे कागद तरीही अडकले होते, त्यांना नागरिकत्व देणारा कायदा झाला तो २००३ मध्ये. १९४८ मध्ये जन्मलेले मूल तोवर पंचावन्न वर्षांचे झाले होते.

शेवटच्या रविवारी मी वर्गाला दोन अलीकडच्या गोष्टी सांगितल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये अनुर कुमार दिसानायके लंकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्या पक्षाचा जुना इतिहास रक्ताने माखलेला आहे आणि त्यांच्या कारभाराबद्दल मी काही बोलत नाही. पण हा गरीब घरातला मुलगा तंबुत्तेगम या आडगावी मध्य विद्यालयात शिकला आणि तेथून केलनिया विद्यापीठात गेला. मध्य विद्यालये कन्नंगरांची, आणि केलनिया म्हणजे जुने विद्यालंकार.

दुसरी गोष्ट त्याच वर्षीच्या नोव्हेंबरची. संसदेच्या निवडणुकीत बदुल्ला जिल्ह्यातून अंबिका सॅम्युअल आणि नुवारा एलियातून कृष्णन कलैसेल्वी निवडून आल्या. दोघी चहाच्या मळ्यांच्या समाजातल्या. फळ्यावर मी त्यांची नावे लिहिली. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीने ती वहीत उतरवून घेतली आणि खाली १९४८ व २०२४ असे दोन आकडे मांडून वजाबाकी करू लागली.